बसकण

चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे, ही म्हण ज्यानं कुणी काढली त्यानं एक गोष्ट गृहीत धरली होती. सासू कधी ना कधी थकणार आणि किल्ल्या सुनेच्या कमरेला येणार. ताऱ्यांमधून चाललेल्या त्या जहाजावर यातलं काहीच होणार नव्हतं. तिथे सासू पंचावन्नची होती ती पंचावन्नचीच राहिली, सून तिशीची होती ती तिशीचीच राहिली, आणि दोघी दोन खोल्यांच्या घरात शेकडो वर्षं चहात साखर जास्त पडली की कमी यावर बोलत राहिल्या.

सासूला सगळं जहाज ‘बाई’ म्हणायचं. जहाज निघालं तेव्हा त्यावर जी मुलं होती, ती सगळी बाईंच्या शाळेतून गेली होती. ती मोठी झाली, तिशीच्या आसपास आल्यावर एकेकाला लस टोचली गेली, वय जिथल्या तिथे थांबलं, आणि शाळा ओस पडली. नवीन मुलं होत नव्हती. हवा, पाणी, धान्य, सगळं मोजक्या माणसांना पुरेल इतकंच होतं. कुणी मरत नव्हतं म्हणून कुणी जन्मत नव्हतं. बाईंनी शाळेचे बाक शिवणघराला देऊन टाकले आणि त्याच बाकांवर बटणं लावायला जाऊन बसल्या. तरी रस्त्यात कुणी शर्टाची बटणं वरखाली लावलेली दिसला की त्याला थांबवून नीट लावायला सांगायच्या, आणि तो, मग तो जहाजाचा व्यवस्थापक का असेना, मान खाली घालून लावायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मरायची सोय नसल्यानं सगळ्यांच्याच खोडी शाबूत होत्या.

सुनेला सगळे ‘सूनबाई’ म्हणायचे, कारण बाई तसं म्हणायच्या. ती धुलाईघर चालवायची. खालच्या गल्लीच्या टोकाला लांबट खोली, एका बाजूला फिरणारे ड्रम, दुसऱ्या बाजूला इस्त्रीची टेबलं, आणि मधे वाफ. सगळ्या जहाजाच्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या. कुणाच्या घरात एकाच्या दोन गाद्या झाल्या आणि कुणाच्या दोनाची एक, हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळायचं. पण ती बोलायची नाही. मिठाची गुळणी धरणं हा तिच्या धंद्याचाच भाग होता.

दोघींना जोडणारा माणूस, म्हणजे बाईंचा मुलगा आणि सूनबाईचा नवरा, कधीच गेला होता. तो फिटर होता. जहाज निघून फार काळ झाला नव्हता तेव्हा बाहेरच्या अंगाचा एक पत्रा सुटला, म्हणून तो कमरेला दोरी बांधून बाहेर गेला. दोरी परत आली. तो आला नाही.

अशा वेळचा एक नियम होता. अपघातानं कुणी गेलं की जहाजावर एक जागा रिकामी व्हायची, आणि तेवढ्या एका जागेपुरतं एक मूल जन्माला घालता यायचं. कुणाच्या घरी, ते गेलेल्याच्या जवळच्या माणसांनी ठरवायचं. व्यवस्थापक विचारायला आला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की जागा रिकामी नाही, माझ्या मुलाची आहे. सूनबाईनं मान डोलावली होती. तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं. पुढे व्यवस्थापकानं विचारणं सोडून दिलं, पण वरच्या बागेतला माळी आणि त्याची बायको मात्र दरवर्षी यायचे. टोपलीत चार वांगी, थोडी पालेभाजी. चहा व्हायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, म्हणजे पंख्यांच्या आणि टाक्यांच्या. मग माळीण हळूच जागेचा विषय काढायची, बाई नाही म्हणायच्या, आणि दोघं रिकामी टोपली घेऊन जायचे. पालथ्या घड्यावर पाणी, पण ते ओतायला दोघं न चुकता यायचे.

मधे सत्तर-ऐंशी वर्षं सूनबाईनं दुसरा संसारही केला होता. दिवाबत्ती बघणारा एक भला माणूस होता, त्याच्याशी लग्न करून ती पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. त्यानं एकदा मुलाचं विचारलं. ती म्हणाली, बाईंना विचारा. त्याची काही हिंमत झाली नाही. पुढे दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकून झालं, आणि भांडण न होता ते वेगळे झाले. सूनबाई पेटी घेऊन जुन्या दारात उभी राहिली तेव्हा बाईंनी दार उघडलं आणि भाजी आणलीस का, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून साखरेचं बोलणं जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं.

अशी वर्षं जात होती. जायचं ठिकाण अजून फार लांब होतं. ‘पोचल्यावर बघू’ या बोलण्याचा अर्थ जहाजावर ‘कधीच नाही’ असा झाला होता, आणि त्यावर आता कुणी हसतही नव्हतं.

मग माणसं बसायला लागली.

पहिल्यांदा पाववाला बसला. सकाळी भट्टी पेटवायला म्हणून निघाला, उंबऱ्याजवळच्या स्टुलावर टेकला, आणि उठलाच नाही. आजारी नव्हता, रागावलेला नव्हता. घास भरवला तर खायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. का उठत नाहीस म्हटलं की म्हणायचा, उठून काय होतं ते मला माहीत आहे. त्याच्यामागून एक नळजोड करणारा बसला, मग गाणं शिकवणारी, मग एकाच घरातल्या तीन बहिणी. डॉक्टरनं या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं, पण लोकांनी ते तोंडात धरलं नाही. लोक म्हणायचे, अमक्यानं बसकण मारली.

एका साध्या सकाळी बाईंनीही बसकण मारली.

सूनबाई चहा गाळत होती. बाई खाटेवर बसून केसांची वेणी घालत होत्या. अर्धी वेणी घालून झाल्यावर त्यांचे हात खाली आले. सूनबाईनं कप पुढे केला, तो त्यांनी घेतला, प्यायल्या, खाली ठेवला. साखरेबद्दल काही बोलल्या नाहीत. सूनबाईला तिथेच कळलं. तरी तिनं वेळ झाल्याची आठवण करून दिली, चपला पुढे आणून ठेवल्या. बाईंनी चपलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तू जा.”

डॉक्टर आला. तोही बाईंचाच विद्यार्थी. बाईंसमोर तो अजून हात मागे बांधून उभा राहायचा, त्यामुळे नाडी बघताना त्याची पंचाईत व्हायची. त्यानं सगळं तपासलं आणि सूनबाईला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. शरीर ठणठणीत आहे, म्हणाला. बसलेल्या सगळ्यांशी तो बोलला होता, आणि सगळे वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगत होते. हात उचलायच्या आधीच हात उचलल्यावर कसं वाटेल ते त्यांना कळतं. मग कशाला उचला.

“मन भरलंय,” तो म्हणाला. “दुःखानं नाही. नुसतंच भरलंय. जागाच उरली नाही.”

औषध काय, असं तिनं विचारलं. त्यानं खांदे उडवले. दोन-चार माणसं आपणहून उठली होती, पण का उठली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. जाताना तो दारात घुटमळला आणि म्हणाला की त्यालाही अलीकडे सकाळी मोजे चढवताना भीती वाटते. एक चढवतो आणि दुसऱ्याकडे बघत राहतो.

सूनबाईनं आपल्या परीनं उपाय सुरू केले. भांडण हे तिच्या माहितीतलं सगळ्यात जालीम औषध होतं. तिनं भाजीत मुठीनं मीठ टाकलं. बाईंनी ती खाल्ली. तिनं चादर उलटी अंथरली, ओला पंचा खाटेवर टाकला, कप न विसळता फळीवर ठेवले. एके काळी यातल्या एकेका गोष्टीवर आठवडा निघायचा. बाई बघत राहिल्या. शेवटी सूनबाईनं ठेवणीतलं अस्त्र काढलं. तुमच्या मुलाला तुम्हीच लाडावून ठेवलं होतं, म्हणून तो दोरीची गाठ दोनदा तपासत नसे, असं ती म्हणाली. हे वाक्य ती आयुष्यात दोनदाच बोलली होती आणि दोन्ही वेळा बाईंनी महिनोन्महिने अबोला धरला होता. या वेळी बाई म्हणाल्या, “असेल.”

तेव्हा सूनबाई मोरीत गेली. नळ सोडून रडली. तिला आश्चर्य वाटलं ते याचं की इतकी वर्षं जी कटकट संपावी म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती, ती संपल्यावर घर असं वाटत होतं जसं चालता ड्रम मधेच बंद पडावा. आवाज थांबला की कानाला कळतं, किती वेळ आवाज होता ते.

मग तिनं उलट वाट धरली. संध्याकाळी धुलाईघर बंद करून आली की ती बाईंच्या पायाशी बसायची आणि नवऱ्याच्या गोष्टी काढायची. दोघींकडे त्याच्या पाचेक गोष्टी होत्या. घासूनपुसून लख्ख झालेल्या. लग्नाच्या दिवशी त्यानं बूट उलटसुलट पायांत घातले होते आणि तसाच दिवसभर वावरला, ही एक. दूध उतू गेलं तेव्हा घाबरून त्यानं शेगडी विझवायच्या ऐवजी दिवा विझवला, ही एक. सगळ्यात चांगली शाळेतली होती. आईच्याच वर्गात होता, गृहपाठ केला नव्हता, म्हणून कपाटात लपला. बाईंनी हजेरी घेतली, त्याचं नाव आलं, आणि कपाटातून आवाज आला, ‘हजर’. या गोष्टीला बाई नेहमी हसायच्या. हसताना डोळे पुसायच्या.

त्या संध्याकाळी सूनबाई म्हणाली, “आई, ती कपाटाची गोष्ट तुम्ही सांगा ना. तुमच्या तोंडून बऱ्याच दिवसांत ऐकली नाही.”

“तूच सांग. तुला चांगली येते.”

“पण घडली तर तुमच्यासमोर. मी कुठे होते तिथे?”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर त्याचा फोटो होता. तो इतक्या वेळा पाहून झाला होता की डोळे मिटले की फोटोच दिसायचा, चौकटीसकट. माणूस दिसायचा नाही.

“कपाट कुठल्या भिंतीला होतं, मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. त्या गेल्या कित्येक दिवसांत एवढं लांब बोलल्या नव्हत्या. “दार लाकडी होतं की पत्र्याचं, तेही नाही. मला तो आठवत नाही, सूनबाई. आधी आवाज गेला. मग चालणं गेलं, मग चेहरा. बरीच वर्षं झाली. गोष्टी तेवढ्या राहिल्या, त्या तू सांगतेस म्हणून.”

सूनबाई म्हणाली, “मी तर तुमच्याकडून ऐकून सांगते.”

“बुटांची तरी तुझी ना?”

ती बोलायला गेली आणि तिला कळलं की तिला बूट आठवत नाहीत. बुटांबद्दलची वाक्यं आठवत होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, ते आठवत होतं. बुटांचा रंग विचारला असता तर तिनं काळा म्हटलं असतं, कारण बूट काळे असतात. दोघी एकमेकींकडून उधार घेऊन एकमेकींनाच परत करत होत्या, आणि मूळ ठेव कधी संपली ते दोघींनाही कळलं नव्हतं.

तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला आला तो राग, आणि तोही असा, की असा राग तिला यापूर्वी कधी आल्याचं तिला आठवेना. ती दिवाबत्तीवाल्याचं घर सोडून इथे का आली होती? इथे तो आहे म्हणून. या खोलीत, या बाईच्या डोक्यात तो अजून आहे, चालतो बोलतो, आपल्या डोक्यातून निसटला तरी इथे शाबूत आहे, या भरवशावर ती हजार वेळा पडतं घेत आली होती. दरवर्षी माळ्याला रिकाम्या हातानं जाताना बघून गप्प बसली होती.

“मग मी इथे कुणासाठी राहिले?” ती म्हणाली.

“ते मला काय विचारतेस?” बाई म्हणाल्या. त्या खरंच विचारत होत्या.

सूनबाईनं गादी गुंडाळली. बाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, डब्यात पाव आहे की नाही बघितलं, आणि कुणाला काही न सांगता धुलाईघरात राहायला गेली.

पहिले काही दिवस वाईट गेले. धुतलेल्या चादरींच्या ढिगाऱ्यावर ती झोपायची. जाग आली की सवयीनं चहाचं आधण टाकायला उठायची आणि अर्ध्यातच थांबायची. बाईंनी काही खाल्लं का, हे बघायला कुणाला तरी पाठवावं, असं मनात यायचं. पण ती पाठवत नव्हती. आपण इतकं कठोर होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं, आणि ते कळल्यावर तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली थोडं बरंही वाटलं. स्वतःबद्दल काहीतरी माहीत नसलेलं अजून शिल्लक होतं.

अशीच ती एक मोठी चादर घडी करायला झटकत होती, तेव्हा दार उघडलं आणि वाफेत बाई उभ्या दिसल्या. वेणी त्या दिवशीची तशीच अर्धी. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सूनबाईची जुनी. जिने उतरून आल्यामुळे धाप लागली होती.

“चहाची पत्ती कुठे ठेवतेस?” त्यांनी विचारलं.

सूनबाई पेटी घेऊन परत आल्यापासून इतक्या वर्षांत त्यांना हे माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती.

“वरच्या फळीवर, बाई. निळ्या डब्यात.”

बाई पुढे आल्या, चादरीची लोंबणारी दोन टोकं उचलली, आणि दोघी सवयीनं मागे सरून चादर ताणायला लागल्या. एक घडी झाली. दुसरी घालायला दोघी जवळ आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “बाई म्हणालीस मला.”

“सगळे म्हणतात.”

“तू सगळ्यांतली नाहीस.”

“मग कोण आहे?” सूनबाईनं टोकं सोडली नाहीत. “तुमचा मुलगा तुम्हाला आठवत नाही. माझा नवरा मला आठवत नाही. मधला माणूसच राहिला नाही, तर मी सून कुणाची? आपण एकमेकींच्या कोण?”

ड्रम फिरत होते. बाईंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे उत्तर नाही असं कधी होत नसे, बरोबर असो की चूक, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण या वेळी त्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. सूनबाईनं ती आठी कधीच पाहिली नव्हती, किंवा पाहिली असली तरी ती विसरण्याइतकी जुनी होती.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मला भूक लागलीये.”

तिथल्याच शेगडीवर सूनबाईनं चहा केला, पाव भाजला. बाईंनी चार खाल्ले. साखर कमी आहे म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, कमीच घातलीये. त्यानंतर दोघी बराच वेळ भांडल्या. भांडणात शिळ्या कढीला ऊत नव्हता, सगळं ताजं होतं. मुलगा विसरल्याचं इतकी वर्षं लपवलंत, असं सूनबाई म्हणाली. विसरले असं कुणाला सांगणार, तुला? तू तर त्याच्यासाठी तोंड बंद करून राहत होतीस, बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता बाई त्या जागेच्या विषयावर आल्या. जी जागा त्या त्याची म्हणून धरून बसल्या होत्या, तिच्यात कोण आहे हे बघायला त्या मनातल्या मनात आत गेल्या होत्या, आणि आत कुणीच नव्हतं. त्या दिवशी वेणी घालताना तेच झालं. मग हात उचलवेना.

“देऊन टाकू,” त्या म्हणाल्या. “माळ्याला. आत्ता जाऊ.”

वरच्या बागेत माळीण वांग्यांच्या रोपांना आधार बांधत होती. दोघींना एकत्र आलेलं बघून ती घाबरली, कुणाचं काही वाईट झालं की काय. बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं की जागा तुमची. माळी हातातली दोरी धरून तसाच उभा राहिला. माळीण खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता म्हणाली की बाई, आम्हाला मूल नको झालंय. कधी नको झालं ते सांगता येणार नाही. दरवर्षी यायचं, तुम्ही नाही म्हणायचं, परत येताना दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, एवढंच राहिलं होतं. तुम्ही हो म्हणाला असता तर आम्ही काय केलं असतं, असं आम्ही एकदा बोललो होतो. दोघांनाही घाम फुटला होता.

बाई संतापल्या. इतकी वर्षं माझा चहा प्यायलात, म्हणाल्या. आणि सूनबाई, जी कधी मोठ्यानं हसत नसे, ती रोपांमधे उभी राहून पोट धरून हसली.

पण माळी हसला नाही. तो म्हणाला, “आम्हाला थोडा वेळ द्या.”

जहाजावर वेळ सोडून दुसरं देण्यासारखं होतंच काय. त्या दोघांनी विचार केला, भांडले, एकदा माळीण बाईंकडे रडायला आली, एकदा माळी सूनबाईकडे चादरी द्यायच्या निमित्तानं येऊन तासभर बसून गेला. शेवटी दोघं टोपली न घेता आले आणि हो म्हणाले.

मुलगी झाली. रडण्याचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत यायचा. माणसं काम सोडून ऐकायला थांबायची, कारण हा आवाज पुढच्या क्षणी थांबेल की वाढेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पाववाला, जो इतका काळ स्टुलावर बसून होता, तो एका दुपारी उठला आणि तावातावानं बागेकडे चालू लागला. तक्रार करायला. कारटं झोपू देत नाही, म्हणाला. माळणीनं मुलगी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, मग तुम्हीच झोपवा. त्याच्या मागून सगळेच उठले असं नाही. तिघी बहिणींतली एकच उठली. गाणं शिकवणारी अजून बसलेलीच आहे. तिच्या खिडकीखाली रोज कुणीतरी मुद्दाम बेसूर गातं.

बाईही पुन्हा दोनदा बसल्या. सूनबाई धावत गेली नाही. ती रोजच्यासारखी जाऊन आली, पाव ठेवून आली, आणि म्हणाली की मी धुलाईघरात आहे. ती आता तिथेच राहत होती. धुलाईघराच्या मागे साबणाची कोठी होती, ती रिकामी करून तिनं खाट टाकली, खिडकीला पडदा लावला. घरी परत ये, असं बाईंनी कधी म्हटलं नाही. मात्र संध्याकाळी त्या जिने उतरून यायच्या आणि दार वाजवायच्या. आपल्याकडे येताना बाई दार वाजवतात याची सूनबाईला फार काळ सवय झाली नाही. आत बोलावल्यावर त्या पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या. काय म्हणून हाक मारायची हे दोघींनाही ठरवता आलं नव्हतं. सूनबाई हाकच मारत नसे, ‘अहो’वर भागवायची. बाई मधूनच ‘अगं’ म्हणायच्या.

मुलगी चालायला लागली, मग बोलायला लागली. बाईंनी शिवणघरातून एक बाक परत मागून आणला. पण ती मुलगी बाकावर बसत नसे, बाकाखाली बसायची आणि तिथून विचारायची. मी आधी कुठे होते? तुम्ही छोट्या का होत नाही? बाईंना यातलं काही येत नव्हतं. त्या संध्याकाळी सूनबाईकडे येऊन ते प्रश्न तिच्यापुढे मांडायच्या, आणि दोघी त्यावर वाद घालायच्या.

एकदा अशाच दोघी चादरी घडी करत होत्या. बाई त्या मुलीचं काहीतरी सांगत होत्या. सूनबाईनं चादर झटकली, ओलसर कापडाचा वारा तोंडावर आला, आणि तिला तो आठवला. पाच गोष्टींतला नाही. फोटोतला नाही. अगदी छोटं काहीतरी, दोन क्षणांचं, ज्यात तो काही विशेष करत नव्हता. इतकी वर्षं ते कुठे पडून होतं, कोण जाणे. कुणी कधी त्याला हात लावला नव्हता म्हणून ते जसंच्या तसं होतं, कडा न झिजलेलं.

ती टोकं धरून तशीच उभी राहिली. बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्या काही पावलं पुढे आल्या, तोंड उघडलं, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत हाव दिसली. सूनबाई सांगायला लागली, “आई, तो—”

“नको,” बाई म्हणाल्या. “मला सांगू नकोस. सांगितलंस की आपण दोघी मिळून ते पण घासून टाकू. तुझ्याकडेच राहू दे.”

सूनबाईनं मान डोलावली.

बाईंनी चादरीची त्यांची टोकं वर धरली, घडी बसेपर्यंत थांबल्या, आणि मग मुलीचं राहिलेलं सांगायला लागल्या. आज तिनं विचारलं होतं की जहाज थांबलं तर आपण पुढे पडू का. बाईंना वाटत होतं, पडू. सूनबाईला वाटत होतं, नाही.